पार्सलवर 'गिफ्ट' लिहू नका

बाड कानश्टाट, स्टुटगार्ट
घटस्थापना

ती. आई-बाबांना,


परवा बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता आलं नाही. मला हसू आवरेना आणि आईला वाटलं, पोर रडतेय. म्हणून हे पत्र. प्रश्न असा होता : "अगं, भाड्यानंच घ्यायचं होतं, तर जिच्या नावातच 'बॅड' आहे अशा वस्तीत घर कशाला घेतलंत? जरा बऱ्या आळीत जागा नव्हती का?"

बाबा, वस्ती चांगली आहे. हा 'बॅड' नव्हे, 'बाड'. जर्मनमध्ये बाड म्हणजे स्नान, न्हाणीघर. इथे खनिज पाण्याचे झरे आहेत, लोक त्यात तासन्‌तास डुंबतात. १९३३ साली कानश्टाटच्या नावामागे हे 'बाड' रीतसर लागलं. माहुलीला आपण 'क्षेत्र माहुली' म्हणतो ना, तसंच समजा. इंग्रजीतलं 'बाथ' ही ह्या बाडची चुलत बहीण. 'बॅड' त्यांचा कोणी नाही.

आणि आता विषय निघालाच आहे तर एक जुना हिशेब. तुम्ही वर्गात सांगायचात, "बदनाम म्हणजे बॅड नेम, बघा कसं जुळतं!" तुमचं अर्धं बरोबर होतं. फारसी 'नाम', इंग्रजी 'नेम' आणि आपलं 'नाव' खरोखर एकाच घरातले. पण फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा काडीचाही संबंध नाही. चेहरा तोच, अर्थ तोच, तरी रक्ताचं नातं शून्य. जत्रेत हरवलेले जुळे भाऊ वाटतात आणि शेवटच्या रिळात कळतं की दोघांच्या आया वेगळ्या, गावंही वेगळी. म्हणजे पत्रिका जुळली म्हणून सोयरीक ठरवावी, तर मुलाकडच्यांना आपला पत्ताच ठाऊक नाही!

आता तुमच्या नातीचं, चिऊचं. चौथीनंतर ती गिम्नाझियुमला जाणार हे ऐकून आई म्हणाली, "व्यायाम चांगलाच गं, पण शाळा सोडून?" आई, इथे हुशार मुलांच्या माध्यमिक शाळेलाच गिम्नाझियुम म्हणतात. मूळ शब्द ग्रीक. 'गिम्नोस' म्हणजे उघडा. ग्रीक मंडळी कपडे उतरवून कसरत करायची, ती जागा म्हणजे गिम्नाझियोन. (हे चिऊला सांगितलेलं नाही. तिला आधीच शाळेचे कपडे आवडत नाहीत.) पण तिथे नुसत्या दंड-बैठका चालत नसत. प्लेटोची अकादमी भरायची तीही अथेन्सबाहेरच्या अशाच एका आखाड्याच्या आवारात. मग वारसांनी वाटणी केली. इंग्रजांनी घाम घेतला, जर्मनांनी पाटी-पेन्सिल घेतली.

बाबा हसतील, पण हीच वाटणी आपल्या आळीतही झालेली आहे. तुम्ही लहानपणी रोज पहाटे तालमीत जायचात. हा 'तालीम' शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ शिक्षण! उर्दूत आजही तालीम म्हणजे विद्या; आपल्याकडे आली आणि लंगोट लावून लाल मातीत उतरली. तेव्हा आईला सांगा, नात तालमीत जाते आहे, पण उर्दूतल्या. शिवाय आपण हसावं तरी कोणाला? हिंदीवाले ज्याला 'शिक्षा' म्हणतात ती आपल्याकडे अंगठे धरून भोगावी लागते. आणि त्यांची 'यातायात' रस्त्यावरून चालते, आपल्याला मात्र ती सोसावी लागते. पुण्यात संध्याकाळी दोन्ही अर्थ एकदम लागू होतात, एवढंच.

तुमच्या जावयाच्या, म्हणजे समीरच्या, 'शेफ'बद्दलचा आईचा राग मात्र मागे घ्यायला लावा. "ऑफिसातला आचारी कोण लागून गेला ह्याला रजा नाकारणारा?" असं ती सगळ्या भिशीत सांगून आली म्हणे. शेफ म्हणजे फ्रेंचमध्ये प्रमुख. इंग्रजीने त्याला स्वयंपाकघरात नेमलं, जर्मनने कचेरीत. समीरचा शेफ स्वतःसाठी अंडंसुद्धा उकडत नसावा.

आता खरी फजिती ऐका. इथल्या इमारतींत 'केअरवोखे' नावाचं व्रत असतं. दारावर एक पाटी लटकते. ती ज्याच्या दाराशी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर. मागच्या महिन्यात आम्ही पाटीकडे बघूनही न बघितल्यासारखं केलं आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आमचा जिना निमूटपणे झाडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून बेसनाचे लाडू वळले, डबा रंगीत कागदात बांधला, वर स्केचपेनने ठळक अक्षरांत 'गिफ्ट' लिहिलं आणि त्यांच्या दाराच्या मुठीला अडकवून आले.

संध्याकाळी बेल वाजली. आजी दारात. डबा दोन बोटांत, हात लांब धरलेला, मेलेला उंदीर धरावा तसा. म्हणाल्या, "जिना मी झाडला, हे खरं. पण म्हणून इतकं?"

जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष.

चिऊ हसून हसून जिन्यावरच बसली. मी लाल झाले. मग आजी आत आल्या, चहा घेतला, विषाचे दोन लाडू खाल्ले, तिसरा पर्समध्ये टाकला आणि मला शब्दाची कुळकथा सांगितली. गिफ्ट मूळचं 'देणं'च, इंग्रजीतल्यासारखं. ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला 'डोसिस' म्हणत, म्हणजेही 'देणं'. त्याच वळणावर जर्मन 'गिफ्ट' गेलं. आधी दिलेली मात्रा, मग ज्याचं नाव तोंडाने घेऊ नये अशी मात्रा. सापाला आपण 'जनावर' म्हणतो ना, तसलाच प्रकार. जुन्या अर्थाची एकच खूण शिल्लक आहे : 'मिटगिफ्ट', लेकीसोबत दिलेलं. म्हणजे हुंडा! ह्या शब्दातच विष आहे, हे आजींनी काही न सुचवता सांगितलं आणि लाडवाचा चुरा वेचत राहिल्या.

समीरच्या ऑफिसात एक स्वीडिश बाई आहेत. त्यांच्याकडे तर कहर. अक्षरं तीच, उच्चार 'यिफ्त', आणि अर्थ दोन : विष आणि विवाहित. विवाहित अशासाठी की मुलगी 'दिली'. आपलं कन्यादानच की! समीर म्हणाला, "स्वीडिश लोक फार स्पष्टवक्ते." त्या रात्री जिना त्याने झाडला.

बाबा, आता तुमच्यासाठी राखून ठेवलेली गंमत. ते ग्रीक 'डोसिस' ज्या धातूपासून आलं, तो आणि आपला 'दा' एकच. दान, दाता, देणं आणि डॉक्टरचा डोस, सगळी एका कुळातली. बद आणि बॅड इतके सारखे, तरी परके. दान आणि डोस रस्त्यात भेटले तर ओळखही दाखवणार नाहीत, पण सख्खे. तेव्हा तुम्ही फोनवर मला उपदेशाचे जे डोस पाजता ते शब्दशः दानच आहे. मी यापुढे तोंड वाकडं करणार नाही.

पाजण्यावरून आठवलं. भेटवस्तूला इथे 'गेशेंक' म्हणतात आणि त्याचं मूळ 'पेल्यात ओतून देणं'. म्हणजे जे दिलं ते विष ठरलं आणि जे पाजलं ती भेट झाली. उलटंच सगळं!

तर मुख्य काम : दिवाळीच्या फराळाच्या खोक्यावर बाबा दरवर्षी चारी बाजूंनी लाल शाईने 'गिफ्ट' लिहितात, तेवढं यंदा लिहू नका. अनारसे विषाच्या नावाने यायला नकोत. चकल्या जास्त घाला, आजींनाही द्यायच्या आहेत.

तुमची,
ताई

ता. क. आई, तू विचारलं होतंस, तिथे ओळखीचं काही दिसतं का गं. पहिल्या आठवड्यात भाजीच्या दुकानात एकही पाटी वाचता येत नव्हती, आणि एका काटेरी फळावर दिसलं : आनानास. डोळे भरून आले. दक्षिण अमेरिकेतलं हे नाव पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडेही आलं आणि इकडेही पोचलं. इंग्रज मात्र 'पाइनॅपल' म्हणत बसले. आणि आपण शब्दांचे अर्थ विचारायला अजून त्यांच्याकडेच जातो!