दारूगोळ्याच्या ट्रकला तोफखान्याची सूत्रं देणाऱ्यास

नियमावलीकार महोदय,

परवा रविवारी आम्ही युद्धखेळाच्या पटावर १९४४ सालची नॉर्मंडीची लढाई मांडली होती. माझ्या पँथर रणगाड्यांवर अमेरिकी तोफांचा मारा कुणी आणला? दारूगोळा वाहणाऱ्या ट्रकने! नियम तुमचाच : 'शत्रू दिसत असल्यास कोणतंही वाहन तोफखाना बोलावू शकतं.' ही ओळ लिहिताना तुम्ही एखादं पुस्तक तरी उघडलं होतं का?

रणगाड्यांत रेडिओ होते की, असं तुम्ही म्हणाल. होते ना. अमेरिकी शर्मन रणगाड्यातला ५०८ हा संच २० ते २७.९ मेगासायकलवर बोलायचा, तोफखान्याचा ६१० हा २७ ते ३८.९ वर. दोघांची गाठ पडायची ती जेमतेम एका मेगासायकलच्या पट्ट्यात. म्हणून तर तोफखान्याचे निरीक्षक स्वतःचा संच घेऊन पुढच्या रणगाड्यांत बसत. १९४१च्या रशियन टी-३४ ची गोष्ट तर सोडाच. त्यांतल्या कित्येकांत रेडिओच नव्हता, नायकाच्या झेंड्याकडे बघत चालायचं. तुमच्या नियमाने तेही तोफा बोलावतात!

आणि नुसता रेडिओ असून काय होतं? नकाशावर स्वतःची जागा अचूक सांगायची, पहिला गोळा कुठे पडला ते बघून पुढचा सरकवायचा, हे शिकावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी देवळालीला अख्खी शाळा आहे.

माझा खरा राग वेगळाच आहे. जर्मनांनी जुने पान्झर-३ घेऊन निरीक्षण रणगाडे बनवले. आत जादा रेडिओ आणि निरीक्षकाला जागा हवी म्हणून तोफ काढली, बाहेर बनावट नळी लावली. कॅनडाच्या रॅम रणगाड्याचंही तेच. असे ८४ बनले. लढण्याचं हत्यार उतरवून ही माणसं आघाडीवर जात होती, केवळ मागच्या तोफांना डोळे मिळावेत म्हणून. असा एक पान्झर मी पंधरा दिवस खपून रंगवला. रविवारी तो झुडपाआड निरुपयोगी उभा राहिला, कारण त्याचं काम तुम्ही ट्रकला दिलं होतं.

ती ओळ खोडा. तोफा फक्त निरीक्षकाच्या वाहनाने बोलवाव्यात. तुकडीनायकाच्या रणगाड्याला मागता येतील, पण स्वतःच्या मुख्यालयामार्फत आणि दोन डाव उशिरा. बाकीच्यांना अजिबात नाही. येत्या रविवारी आम्ही असंच खेळणार आहोत.

आपला,
एक जुना खेळाडू