बंड्या ठीक आहे, आत्याला सांगा

विंटरथूर, शनिवार

ती. बाबांस,


आधी महत्त्वाचं. बंड्या बरा आहे. दोघंही बंड्या बरे आहेत. आमचा इथे गवत चघळतोय आणि नालासोपाऱ्याचा, आत्याच्या सकाळच्या फोनवरून कळलं, तुमच्यावर फुगून बसलाय.

अहो, ग्रुपवर असं लिहितात का? "बंड्याला अ‍ॅडमिट केलं. भूल देऊन दाढा घासल्या. ८१ हजार खर्च. सर्वांनी प्रार्थना करावी." ना फोटो, ना खुलासा. विरारच्या काकांनी आत्याला विचारलं, वर्गणी काढायची का. माईंनी तुंगारेश्वराला अभिषेक बोलला. आणि आत्या मला म्हणते, "माझ्या पोराचं नाव उंदराला दिलंत ते दिलंत, आता त्याला दवाखान्यातही घालताय?" तिला सांगा, नाव चिमीनं ठेवलं, पुढचे दोन दात बघून. खऱ्या बंड्यानं फोटो पाहून स्वतःच "माझ्यावरच गेलाय" म्हणून मान्यता दिली होती. आणि तो उंदीर नाही, गिनीपिग आहे. जात तीच कुरतडणाऱ्यांची, पण आत्याला एवढ्यात नको सांगू या.

तुम्ही घाबरून फोन केलात तेव्हा तुमचे पहाटेचे पाच वाजले होते, म्हणजे आमची मध्यरात्र. मी जागीच होते, बंड्याला भरवत होते. घाईत जे सांगितलं त्यातलं निम्मं तुम्हाला ऐकू आलं आणि उरलेलं तुम्ही ग्रुपवर टाकलंत. म्हणून आज नीट लिहिते. धुलाईखोलीची आमची पाळी दोन वाजेपर्यंत आहे. पहिलं मशीन चालू आहे, तोवर वेळ आहे.

झालं असं की गेल्या शनिवारी रात्री बंड्यानं ढोबळी मिरचीला तोंड लावलं नाही. एरवी फ्रिज उघडल्याचा आवाज आला की शिट्ट्या मारून इमारत उठवतो. चिमी रडायला लागली. मी म्हटलं, एक दिवस उपास घडला तर काय बिघडतं, आपल्याकडे एकादशीला करतातच. पण या प्राण्याचं तसं नसतं. त्याच्या पोटात सतत काहीतरी जात राहावं लागतं. काही तास खाणं थांबलं की आतडी मंदावतात, वायू धरतो आणि दिवसभरात जिवावर बेततं. त्यामुळे सोमवारची वाट बघायची सोय नव्हती. रविवार सकाळ, बाहेर पाऊस, आणि मी बुटांच्या खोक्यात बंड्याला घेऊन बसमध्ये.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात नळी घालून बघितलं आणि मला पडद्यावर दाखवलं. बाबा, या एवढ्याशा जिवाला वीस दात असतात. चार पुढचे, सोळा दाढा, आणि सगळे मरेपर्यंत वाढत राहतात. गवत चावून चावून ते झिजायला हवेत. बंड्याच्या खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत वाढून जिभेवर पूल बांधत होत्या. बिचाऱ्याला गिळताच येत नव्हतं. मग डोक्याचा एक्स-रे, मग गॅसनं भूल, मग छोट्याशा ग्राइंडरनं दाढा घासणं.

आता बिल. तुम्हाला पावत्या वाचायला आवडतात म्हणून पूर्ण लिहिते. तपासणी ९० फ्रँक. एक्स-रे १६०. भूल आणि दाढा ३२०. दुखण्याची औषधं ४८. भरवायची गवताची पावडर ३२. रविवारचा जादा आकार १००. झाले ७५०. त्यावर ८.१ टक्के कर, ६०.७५. एकूण ८१०.७५. हिशोबाला सोपं म्हणून फ्रँकचे शंभर रुपये धरा. आणि ज्या दुकानातून बंड्या आणला तिथे नवा बंड्या साठ-सत्तर फ्रँकला मिळतो. निखिलनं मला हे फक्त एकदा सांगितलं. चिमीनं त्याच्याकडे असं बघितलं की दुसऱ्यांदा सांगायची त्याची छाती झाली नाही.

कर कशावर, तर दाढेवर! माझ्या दाढेवर नाही, माणसाच्या उपचाराला कर नसतो. बंड्याची दाढ मात्र चैनीत मोडते. मी काउंटरवर विचारलं, हप्ते करता येतील का. ती मुलगी इतक्या प्रेमानं "हो" म्हणाली की रोज माझ्यासारख्या किती येत असतील ते कळलं. मागे एक आजोबा हातात टोपी धरून बसले होते. टोपीत पांढरा उंदीर होता, त्याला सर्दी झाली होती. खरंच सांगते, सर्दी. तिकडे मुंबईची महापालिका रात्रपाळीला माणसं पगार देऊन ठेवते, काठी न् बॅटरी घेऊन रात्रीत तीस उंदीर मारायला. आणि इथे हे गृहस्थ उंदराची छाती तपासून घ्यायला तासभर रांगेत. तुम्ही पावसाळ्यात पिंजऱ्यातला उंदीर पिशवीत घालून हायवेपलीकडे सोडून यायचात, तेव्हा माई तुम्हाला 'भूतदयावाले' म्हणून चिडवायच्या. इथे आलात तर तुमचा पुतळा उभारतील.

तुमचं म्हणणं फोनवर ऐकलं: "चाळीस मायक्रॉनचं काम, आणि बत्तीस हजार? माझ्या गाळ्यात आण, घासून देतो, वर पॉलिश फुकट." मी ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी विचारलं तुमच्या वडिलांकडे कुठलं मशीन आहे. हे गावच तसं. ज्या सुल्झर मागांचे सुटे भाग तुम्ही वालीवहून भिवंडीला पाठवायचात, ते माग याच गावच्या कंपनीचे. ते जुने कारखाने आता बंद झालेत, शेडमध्ये कॉलेज, घरं, कॉफीची दुकानं आहेत. तिथून जाताना अजून कधी कधी कटिंग ऑइलचा वास आल्यासारखं वाटतं. निखिल म्हणतो, येत नाही. मला येतो.

खालची पावशी सांगत होती (पावशी म्हणजे तळमजल्यावरची म्हातारी, आपल्या पावशी काकूंसारखी सगळ्यांची खबर ठेवते, म्हणून आम्ही हेच नाव पाडलंय), पुढच्या वेळी जर्मनीत जा, स्वस्त पडेल. वालीवहून भिवंडी जेवढी लांब, साधारण तेवढ्यावर इथून जर्मनी. पण तिकडे जनावरांच्या डॉक्टरांचं दरपत्रक सरकारनं ठरवलेलं आहे. २०२२च्या नोव्हेंबरात ते नवं केलं, दर चढले. त्यातल्या किमान दरापेक्षा कमी घ्यायची डॉक्टरला सहसा मुभाच नाही, आणि आडवेळेला गेलं की पन्नास युरो वरचे. आपल्याकडे सगळे कमाल दराची मारामारी करतात, तिकडे किमान दराची. मोत्याला टेम्पोत घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेला होतात ते आठवतं? शेजारी ते १८८६ सालचं व्हेटरिनरी कॉलेज. बैल, घोडा, मोत्या आणि मी अशी रांगेत उभी होते. परत येताना वसई रोडला तुम्ही मला वडापाव दिलात आणि मोत्यालाही एक.

मशीन वाजलं. आले.

हं. तुम्ही विचारलं होतंत, अमॉक्सिसिलिन का देत नाही, नाक्यावर पाच गोळ्यांची पट्टी मिळते. बाबा, ते औषध गिनीपिगनं पोटातून घेतलं तर पोटातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि तो दगावू शकतो. आणि तुम्हाला ते इतकं पाठ कसं? माईंनी मला सगळं सांगितलंय. उजव्या बाजूची दाढ दुखतेय, चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून खाताय, ठणका थांबला की पट्टी अर्धी टाकून देताय, आणि गेले कित्येक महिने एकाच बाजूनं जेवताय. भाकरी बंद, भात आणि आमटी. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय म्हणे. गाळ्यातल्याच ड्रिलनं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे प्राणी दुखणं लपवतात. जंगलात आजारी दिसला की कुणीतरी खातो, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं नाटक करतात. कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं आणि वहीत लिहायचं. मी मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते, बाई, हा प्राणी मला लहानपणापासून ओळखीचा आहे.

आता इथल्या नियमाचं ऐका, अर्धवट सांगितला होता. १ सप्टेंबर २००८ पासून या देशात गिनीपिग एकटा पाळायला बंदी आहे. कळपातला प्राणी, एकटेपणात त्याचे हाल होतात, म्हणून निदान दोन तरी हवेत. पांढरे उंदीर, चिंचिला, सगळ्यांना तेच. हॅमस्टर तेवढा सुटलाय, त्याला दुसरा हॅमस्टर सोसवत नाही. गंमत पुढे आहे. उन्हाळ्यात बंड्याची जोडीदार ठमी म्हातारपणानं गेली. बंड्या राहिला एकटा, म्हणजे आम्ही बेकायदेशीर. म्हणून शेवंता आणली. ती तरुण आहे. उद्या बंड्या गेला की शेवंता एकटी. मग तिला जोडीदार. तो तरुण निघाला तर त्याला. ही नोकरी चिमीच्या लग्नापर्यंत संपायची नाही. यावर इथल्या लोकांनी तोड काढलीय: म्हातारा गिनीपिग भाड्यानं मिळतो. शेवटच्याला सोबत म्हणून आणायचा, तो शेवटचा गेला की परत करायचा. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही जोरात हसलात. मग म्हणालात, "म्हणजे मी तिकडे बेकायदेशीर." आणि लगेच विचारलंत, पाऊस आहे का तिकडे. आम्हीही हसलो. फोन ठेवल्यावर मी धुतलेली भांडी परत धुतली.

आई असती तर तिनं तुम्हाला कान धरून दाढेच्या डॉक्टरकडे नेलं असतं आणि वर माझ्या बंड्याला आवळा पाठवला असता. तुम्ही पाठवलात तो मिळाला. कल्पना बरोबर आहे, या प्राण्याला माणसासारखंच शरीरात सी जीवनसत्त्व बनवता येत नाही, खाण्यातून द्यावं लागतं. पण तुम्ही पाठवलीत ती आवळा कँडी आहे, साखरेत घोळलेली. ती त्याला चालत नाही. ती निखिलला चालली, दोन दिवसांत संपली. सुकेळी मात्र मी कपाटात वरच्या फळीवर ठेवलीत आणि कुणाला सांगितलेलं नाही. रात्री बंड्याला पिचकारीनं पावडर भरवायला उठते तेव्हा एक खाते. त्या वेळी तुमच्याकडे उजाडत असतं. सातिवलीच्या बाजूनं ट्रक सुरू झाले असतील, टँकरवाला खाली भांडत असेल, पहिल्या पाळीची माणसं चहाच्या टपरीवर असतील. इथे इतकं शांत असतं की बंड्या चावतो ते ऐकू येतं.

गावगप्पांना उत्तरं. शेजारचा गाळा प्लास्टिकवाल्यानं घेतला तर घेऊ दे, पण सामायिक भिंतीला त्याचं मशीन टेकवू देऊ नका, तुमच्या लेथचं लेव्हल जाईल. पावशी काकू आणि सेक्रेटरींचं पार्किंगवरून फाटलं हे ऐकून दुःख झालं नाही. दादा पुण्याहून दर शनिवारी येतो म्हणता, पण तो मला म्हणाला हायवेच्या कोंडीमुळे दोनदा अर्ध्यातून परत गेला. पक्याचं लग्न ठरलं, छान. मुलगी बोळिंजची म्हणजे माहेर जवळ, ती सुखी. व्हिसाचा अर्ज मी भरून ठेवलाय, फक्त तुमची सही हवीय. "गाळा कोण बघणार" हे कारण आता चालणार नाही. गाळ्यात एक लेथ, एक ड्रिल आणि तुमचा रेडिओ, एवढं कुणी चोरून नेत नाही.

आणि दाढ. नाक्यावरच्या डॉक्टरांनी रूट कॅनॉल आणि कॅप मिळून जे सांगितलं ते तुम्हाला "दरोडा" वाटलं. बाबा, ती रक्कम बंड्याच्या एक्स-रेत बसते. मी परवा त्यांच्याशी स्वतः बोलले. बुधवारी संध्याकाळी सहाची वेळ घेतलीय, पैसे पाठवलेत. माई सोबत येणार आहेत, नाही म्हणू नका, त्या साडीसुद्धा ठरवून बसल्यात. वजन काटा गाळ्यात आहेच, मालाचा. दर रविवारी त्यावर उभे राहा आणि आकडा मला कळवा. बंड्याचा गेल्या रविवारी ९१० ग्रॅम होता, आज ९४०.

दुसरं मशीन थांबलं. पाळी संपायला दहा मिनिटं आहेत आणि पावशी टोपली घेऊन दाराशी येऊन उभी आहे.

तुमची,
बेबी

ता. क. पक्याच्या लग्नाला माझ्याकडून काय द्यायचं ते विरारच्या काकूंना विचारून कळवा. मिक्सर नको, तो बंड्या देतोय. नालासोपाऱ्याचा.