बापाचा रियाज

संभाजी महाराजांच्या समाधीमुळे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या वढू बुद्रुकात मध्यरात्री एखाद्या घरात दिवा दिसला, तर समजावं की उसाला पाणी द्यायची पाळी आहे किंवा पाळण्यातलं पोर उठलंय. एका घरात मात्र तिसरंच कारण उपजलं आहे. सणसवाडीच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या, तीन महिन्यांच्या मुलीच्या बापाला पुन्हा गिटार शिकायची आहे.

कॉलेजात घेतलेली गिटार लग्नात कपाटावर गेली ती तिथेच राहिली. खाली काढली तेव्हा तारा गंजलेल्या. सुरात लावताना सगळ्यात बारीक तार ताडकन तुटली, मुलगी दचकून उठली आणि आजीने निकाल दिला, "आरं, आत्ता कुठं डोळा लागला व्हता तिचा. ठिव ते तुणतुणं!"

तुणतुण्याला एक तार असते, गिटारला सहा. पण रडत्या नातीला खांद्यावर घेतलेल्या आजीला हे कुणी सांगावं?

चाळिशीच्या आसपास गिटार हातात धरणारा हा काही जगातला पहिला नव्हे. तेव्हा न्यू यॉर्क विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी तर या खटाटोपावर 2012 मध्ये 'गिटार झिरो' हे पुस्तकच लिहिलं. मोठ्या वयात नवं वाद्य येतं की नाही, हे त्यांनी स्वतःवरच तपासलं. फक्त त्यांच्या गाठीला विद्यापीठाची अभ्यासरजा होती. आपल्याकडे बाप झाल्याबद्दल केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात; खासगी कारखान्यावर तसं बंधन नाही. त्यात कारखान्यातून परतताना कोरेगाव भीमाच्या चौकात गाड्या तुंबल्या की उरलासुरला रियाजही तिथेच जिरतो.

खरी दुष्मनी एफ कॉर्डशी. तर्जनी पहिल्या पट्टीत सहाही तारांवर आडवी दाबायची. मनगट भरून येतं आणि आवाज निघतो पत्र्यावर खडा पडल्यासारखा. शिवाय ही तर्जनी मोकळी असते कुठे? तान्ह्या बाळाच्या तळहाताला बोट लागलं की मूठ आपोआप मिटते. डॉक्टर तिला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात, घरचे 'बापाचा लळा'. पोलादी तारांनी डाव्या बोटांना घट्टे पडलेत, त्यामुळे तेल लावायला तो हात पुढे आला की मुलगी अंग चोरते.

गंमत म्हणजे मुलीच्या झोपेनेच त्याला ताळ्यावर आणलं. तारा अंगठ्याने हळूच छेडायच्या. जी, मग उसंत, मग सी. दामटायची सोयच नाही. कॉलेजात दहा गाणी अर्धवट बडवणाऱ्याचे दोन कॉर्ड पहिल्यांदाच स्वच्छ वाजू लागले. क्लासच्या फीमध्ये हे बसलं नव्हतं.

एफला बगल द्यायला त्याने कॅपो आणला. तारा दाबून धरणारा हा चिमटा पहिल्या पट्टीत लावला की डीच्या बोटांनी काळी दोन वाजते, आणि भजनी मंडळाचे पेटीवाले काका काळी दोनवरच गातात. हिशेब जुळला. "एकादशीला ये मग," काका म्हणाले.

एकादशीला गिटार सुरात लागली, पण कॅपो सापडेना. देव्हारा, पाळणा, पिठाचा डबा, सगळं पालथं घातलं. शेवटी तो अंगणातल्या दोरीवर दिसला, ओलं दुपटं घट्ट धरून.

"लई ब्येस हाय," आजी म्हणाली, "येताना आणिक चार घिऊन ये."