कट आणि कॅप्सूल

आमच्या गल्लीतले अण्णा साखर कारखान्यातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण मिसळीला बसले की अजूनही पाळीचा भोंगा व्हायच्या आत ताट रिकामं करतात. परवा मात्र त्यांनी पोऱ्याला थांबवलं. म्हणाले, "वरची तर्री काढून आण रे."

कोल्हापुरात मिसळीवरची तर्री काढायला सांगणं म्हणजे खासबागेच्या कुस्ती आखाड्यात उतरून अंगाला माती नको म्हणणं. पोऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. अण्णांनी शर्टाच्या खिशातून एक डबी काढली, तिच्यातून एक लालभडक फुगीर गोळी काढली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

"काय ओ हे?"

"कॅरोटिनॉइड. पोरीनं पुण्यासनं धाडलंय. डोळ्याला चांगलं, हार्टला चांगलं, कातडीला चांगलं."

डबी मागून घेतली. पुढच्या बाजूला गाजर, टोमॅटो, ढबू मिरची आणि पळत सुटलेलं एक हसरं जोडपं. मागच्या बाजूला, भिंग लावल्याशिवाय दिसू नये अशा अक्षरात, औषधी वापरासाठी नाही. हे छापावंच लागतं, तसा नियमच आहे. पुढून दिलेलं आश्वासन मागून काढून घेण्याचं काम इतक्या कमी जागेत आमच्या पुढाऱ्यांनासुद्धा साधलेलं नाही.

अण्णांच्या परवानगीनं एक गोळी टाचणीनं फोडली. ताटलीत थेंबभर तांबडं तेल पसरलं. बोटानं पुसलं, पाण्यानं धुतलं, निघेना. साबण लावला तेव्हा निघालं, तरी नखाच्या कडेला राहिलंच. हा डाग ओळखीचा वाटला. आमच्या निम्म्या पांढऱ्या शर्टांवर तो आहे. ज्या वस्तूला अण्णा नको म्हणाले, तीच त्यांनी जिलेटिनच्या फुग्यात भरून, पैसे मोजून गिळली होती.

थट्टा नाही. कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, तेलातुपात विरघळतात. म्हणून तर मिसळीच्या कटातला रंग खाली न राहता तेलाबरोबर वर येऊन तरंगतो. तांबड्या मिरचीतल्या मुख्य रंगद्रव्याचं नाव कॅप्सँथिन. ते कॅरोटिनॉइडच, गाजरातल्या बीटा कॅरोटीनचं भावंड. अशी भावंडं सहाशेंहून जास्त आहेत. टोमॅटोत लायकोपीन, मक्यात झिॲझँथिन, पालेभाजीत ल्युटीन.

हे सगळं आमच्या आईला नावानिशी माहीत नव्हतं, पण उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना ती मिरच्या निवडायला बसायची ते बघण्यासारखं असायचं. ब्याडगी हातात घेऊन सुरकुत्या बघायच्या, देठ मोडायचा, वास घ्यायचा. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जिभेला. कांडपातून आली की बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचा खडा, आणि बरणी माळ्यावर अंधारात. उजेडात ठेवली की रंग उडतो, एवढं तिचं शास्त्र. ते बरोबरच होतं. उजेड आणि हवा लागली की ही द्रव्यं स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन फिकी पडतात. अँटिऑक्सिडंट म्हणून ज्यांची जाहिरात होते, त्यांना आधी बरणीचं झाकण लागतं.

ल्युटीनची गंमत याहून भारी आहे. बाजारातल्या गोळ्यांमधलं ल्युटीन बहुतेक करून झेंडूतून काढतात. होय, तोच. दसऱ्याला आपण घासाघीस करून आणतो, दाराला, गाडीला, कंप्रेसरला बांधतो आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत टाकतो. झेंडूच्या पाकळ्या वाळवायच्या, अर्क काढायचा, काही कोंबडीच्या खाद्यात घालायचा म्हणजे अंड्याचा बलक पिवळाधमक दिसतो, आणि उरलेला डबीत भरून माणसाला द्यायचा. कोंबडीला निदान जाहिरात दाखवावी लागत नाही.

बरं, सगळंच थोतांड आहे का? नाही. वय झाल्यावर डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, त्या विकारावर अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या. पहिलीचा निकाल २००१ साली लागला, दुसरीचा २०१३ साली. पहिल्या चाचणीतल्या गोळीत जीवनसत्त्वं, जस्त आणि बीटा कॅरोटीन होतं. ज्यांचा आजार मध्यम पायरीवर होता, त्यांचा शेवटच्या पायरीवर जाण्याचा धोका साधारण पाव भागानं कमी झाला. दुसऱ्या चाचणीनंतर बीटा कॅरोटीन काढून त्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिॲझँथिन आलं. एवढंच. आजार नसलेल्याला तो होऊ नये म्हणून नाही, चष्म्याचा नंबर उतरावा म्हणून नाही, मोतीबिंदूसाठी तर नाहीच. डोळ्याच्या डॉक्टरांनी पडदा तपासून ही गोळी लिहून दिली तर घ्यावी. अण्णांचा पडदा कुणी तपासला होता? पोरीनं, मोबाईलवर.

आणि ते बीटा कॅरोटीन का काढलं, ही खरी गोष्ट. भाजी, फळं भरपूर खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो, त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असतं, हे दिसलं होतं. मग भाजी कशाला, सरळ गोळीच देऊ, असा विचार शास्त्रज्ञांनी केला. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुषांना घेऊन चाचणी झाली, सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन. १९९४ साली निकाल लागला. गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. लोकांना वाटलं, आकडे चुकले असतील. अमेरिकेत सिगारेट ओढणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ जणांवर तशीच चाचणी चालू होती, ३० मिलिग्रॅमची, जोडीला अ जीवनसत्त्व. तिथं २८ टक्के जास्त. १९९६च्या जानेवारीत ती मुदतीआधी गुंडाळावी लागली. तिसरीकडं २२,०७१ डॉक्टरांवरच चाचणी झाली, त्यातले बहुतेक सिगारेट न ओढणारे. निम्म्यांनी बारा वर्षं ही गोळी दिवसाआड घेतली. त्यांचं बरंही झालं नाही, वाईटही नाही. बारा वर्षं गिळण्याचा व्यायाम झाला.

भाजीत जे बरं करतं ते तेवढं एकच द्रव्य असतं, हे कुणी ठरवलं होतं? मैदान मारलं तालमीतल्या पैलवानानं आणि सत्काराला नेला त्याचा लंगोट, तसं झालं.

यात आमच्या म्हशीचं मला कौतुक वाटतं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळून दिलेलं दूध बघा, पांढरंशुभ्र. गाईचं तूप पिवळं दिसतं, कारण हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन गाईच्या दुधात थोडं तसंच उतरतं. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व आधीच करून मोकळी होते. रंग नाही, जाहिरात नाही, काम झालेलं. माणसाचं शरीरही बीटा कॅरोटीनमधून गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व करतं, जादा झालं तर करत बसत नाही. उरलेलं कातडीत साठतं आणि तळहात पिवळे पडतात. घरचे कावीळ समजून घाबरतात, पण डोळे पांढरेच असतात. मिरचीतलं कॅप्सँथिन मात्र कितीही खा, त्याचं अ जीवनसत्त्व होत नाही. त्यामुळं उद्या कुणी मिसळवाल्यानं 'कॅरोटिनॉइडयुक्त कट' अशी पाटी लावली तर तीही डबीच्याच जातीची समजावी. तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला, पोकळा, गाजर हे मंडईत गोळीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं, आणि भाजीला फोडणी आपण देतोच. तेलाशिवाय हे अंगी लागत नाही, हेही आईला न सांगता कळत होतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. मिसळ संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं, डबी उलटी करून बघितली. मागं बीटा कॅरोटीन लिहिलेलं होतंच. बराच वेळ गप्प बसले. पाव पुसून खाल्ला.

"ती फिनलंडची माणसं सिगारेट वडत होती न्हवं?"

"होय."

अण्णा खुलले. डबी एका खिशात गेली, दुसऱ्या खिशातून काडेपेटी निघाली.

"मग आपला विषयच न्हाई. आपली निपाणीची बिडी हाय."