ग्राहकमामा

मंगरूळपीरला तहसीलसमोर मामांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात गिऱ्हाईक आलं की मामांच्या कपाळाला आठी पडते, कारण नेमके त्याच वेळी ते स्वतः गिऱ्हाईक व्हायला कुठे तरी निघालेले असतात. गाव त्यांना ग्राहकमामा म्हणतं. पाच रुपयांच्या खोडरबराचंही त्यांना पक्कं बिल लागतं.

"मामा, खोडरबराचं बिल कायले पाह्यजे?"

"मी मागून नाई रायलो बावा, कायदा मागून रायला."

ही बिलं तारेला ओवून दुकानात टांगलेली असतात. तळाची १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली, वरची २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातली. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, तिची एक शाखा मामांच्या डोक्यात कुणालाही न विचारता उघडली गेली असावी.

बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेत पाळणेवाल्याने दहा फेऱ्यांचे पैसे घेऊन आठच फिरवल्या, तेव्हा मामा पाळण्यातून उतरलेच नाहीत. वरच्या टोकाला बसून त्यांनी खालच्या माणसाला कायदा ऐकवला. इथे मामांचं बरोबर होतं. पैसे मोजून घेतलेली सेवा कमी मिळाली, तर माणूस ग्राहक ठरतोच. मात्र अशी बरोबर असण्याची सवय लागली की माणूस थांबत नाही.

शेलूबाजारच्या एका लग्नात भाजी खारट निघाली. मामांनी वरबापाला बाजूला घेतलं. "एकशे एक रुपये आहेर देल्ला. मोबदला झाला ना?" वरबापाने आहेराचं पाकीट हातावर ठेवलं. मामांनी ते परत घेतलं, आणि भाजीही परत घेतली.

सरकारी दवाखान्यात ते चिठ्ठीचे पैसे भरल्याचा कागद छातीशी धरून उभे राहायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवलंय, की जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट, तिथला रोगी ग्राहक नव्हे, आणि नोंदणीच्या नाममात्र पैशांनी त्यात फरक पडत नाही. मुलगा बारावीला गचकला तेव्हा मामा अमरावतीच्या बोर्डाला नोटीस धाडणार होते. "फी भरली, मार्क नाई भेटले. मालात खोट हाये." हेही आधीच निकालात निघालेलं. बिहारच्या परीक्षा मंडळाच्या खटल्यात २००९ साली न्यायालय म्हणालं, परीक्षार्थी हा मंडळाचा ग्राहक नाही. खोट कुठल्या मालात होती, हे मामींनी त्या दिवशी घरी वेगळं सांगितलं.

मामांचा भाचा नेदरलँड्सला आइंडहोव्हनला नोकरी करतो. एका रविवारी मामांनी त्याला फोनवर विचारलं, "तिकडं ग्राहक कोनाले म्हन्तेत?" भाच्याने वाचून सांगितलं, की ग्राहक हाडामांसाचा माणूस पाहिजे, कंपनी चालत नाही, आणि वस्तू त्याने आपल्या धंद्यापेशासाठी घेतलेली नसावी.

"अन् तिथल्या शेतकऱ्यानं ट्यूलिपचे कांदे घेतले, ते उगवलेच नाई, तं?"

"तो धंद्याचा सौदा, मामा. कंपनीशी भांडता येईल, पण ग्राहक म्हणून नाही."

आमच्या मंडळींची एक खोड आहे. परदेशातून आलेली गोष्ट आपल्याकडेही लागू असते, असं आपण धरून चालतो. मामांनी तो डच कायदा मनोभावे स्वीकारला, आणि पुढच्याच जून महिन्यात त्यांच्या सहा एकरांतलं सोयाबीन उगवलं नाही. शेजारच्या वावरात दुसऱ्या थैलीचं हिरवंगार, मामांचं काळंभोर. दुबार पेरणी आली. पाच रुपयांसाठी बाजार डोक्यावर घेणारा हा गृहस्थ गप्प. विचारलं तर म्हणे, "शेती आपला धंदा हाये. धंद्यात मानूस ग्राहक नसते."

शेवटी मामींनीच त्यांना वकिलाकडे नेलं. मामींना आपल्याकडचा कायदा ठाऊक होता. त्यांचं ब्लाऊज शिवायचं मशीन बिघडलं तेव्हा त्यांनी कंपनीकडून ते बदलून घेतलं होतं. आपल्याकडे पुन्हा विकायला किंवा व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे, हे खरं. पण पोटापाण्यासाठी, स्वतःच्या हाताने काम करायला घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. टायपिंग करणारा, स्वतःची रिक्षा हाकणारा, सगळे ग्राहकच. वकिलांनी तेच सांगितलं. बियाण्याच्या बाबतीत तर नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या २०१२च्या निकालाने शेतकऱ्याचं ग्राहकपण पक्कं केलंय. आणि इकडे कंपनी, सहकारी संस्थाही ग्राहक होऊ शकते. मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांसाठी फ्लॅट घेतले होते, तो ट्रस्टही २०१९ साली ग्राहक ठरला.

"अन् माह्यं झेरॉक्सचं मशीन?"

"ते कोण चालवतं?"

"पोरगं चालवते. मी पाह्यतो."

"एकदोन माणसं हाताखाली चालतात. पण मामा, तुम्हीही मधून मधून बटण दाबत जा."

मामांना हुरूप आला. त्यांनी वकिलांच्या फीचीही पावती मागितली. वकील हसले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा या कायद्याबाहेर काढली आहे. "म्हंजे तुमी वाचले," मामा म्हणाले.

"आता बियाण्याचं बिल द्या."

इथे मामांचा चेहरा उतरला. तारेला खोडरबर होतं, अगरबत्ती होती, चपलेचा अंगठा होता, बियाणं नव्हतं. कृषी केंद्रवाला लंगोटीयार, माल उधारीवर आणलेला, त्याच्याकडे बिल कसं मागायचं? थैली होती. मामींनी तिच्यात मिरच्या भरून ठेवल्या होत्या, लेबलासकट, लॉट नंबरासकट.

वकील म्हणाले, "उधारीची अडचण नाही. पैसे द्यायचं कबूल केलं असलं तरी ग्राहकच. पण घेतल्याचा पुरावा पाहिजे. कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत नाव असेल."

नाव होतं. तारीख, वाण, थैल्या, सगळं होतं. फक्त गेलं वर्षभर मामा चारचौघांत सांगत होते, की त्या वहीत आपल्या नावावर लिहिलेला एक छदामही खरा नाही. आता तेच पान खरं आहे, हे शपथेवर सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं. त्याआधी मात्र कृषी केंद्रवाल्याने, व्याज सोडून, मागची तीन वर्षं वसूल करून घेतली. त्याचं त्याने पक्कं बिल दिलं.

दावा वाशिमच्या जिल्हा आयोगात आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असला तर फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तेव्हा राजेहो, खोडरबराचं राहू द्या, बियाण्याचं बिल तेवढं दोस्ताकडूनही घ्या, आणि थैली पीक निघेस्तोवर फेकू नका. मिरच्या भरल्या तरी चालतील.