पत्रिका जुळली का, काकू?

अहो काकू, ते कपडे राहू द्या दोरीवर, या धुक्यात दिवाळीपर्यंत वाळायचे नाहीत. वाईहून कधी आलात? जुळली का पत्रिका? मंगळ? घ्या! मुलगी शिकलेली, गमबूट घालून स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात उतरते, आणि तुम्ही अडलात मंगळापाशी.

नारळीकर असते तर हसले असते. अहो, जयंत नारळीकर, ते तारेवाले. 2025च्या मे महिन्यात पुण्यात गेले नाही का? जन्म कोल्हापूरचा, म्हणजे आपल्या अंगणातलेच म्हणायचे. शिकले काशीला, मग केंब्रिजला. तिथं त्यांचे गुरू हॉइलसाहेब यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला आणि सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण! आमचे चिरंजीव त्या वयात दाढी ठेवू की काढू, यातच.

तर काय केलं त्यांनी, 2008 साली अंधश्रद्धा निर्मूलनाच्या अंनिसवाल्यांना आणि पुणे विद्यापीठातल्या संख्याशास्त्रवाल्यांना हाताशी धरून 200 पत्रिका जमवल्या. 100 हुशार मुलांच्या, 100 गतिमंद मुलांच्या. एकेका ज्योतिषाला 40 दिल्या, म्हणाले, सांगा कुठली कुणाची. 27 जणांनी उत्तरं धाडली. बरोबर किती? सरासरी शेकडा 46! नुसतं नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. काय म्हणता, तुमचे गुरुजी त्यांत नव्हते? नसतील बाई.

मिश्कील होता हं माणूस. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली, ‘कृष्णविवर’, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, बघा. अक्षर ओळखू नये म्हणून मंगलाबाईंनी लिहून काढली. त्या स्वतः गणितातल्या विदुषी, आणि नवऱ्याची गोष्ट उतरवत बसल्या! आमच्या सुनेसमोर हा विषय नका काढू, तासभर ऐकवेल. पहिलं बक्षीस आलं मात्र.

पोरं सहीला वही पुढं करायची, तर हे म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही येईल. आणि खरंच यायची! आयुकासारख्या एवढ्या मोठ्या खगोलसंस्थेचा व्याप, तरी कुणा शाळकरी पोराला उत्तर लिहीत बसायचे. आमच्या वॉर्डातला पुढारी फोन तरी उचलतो का?

बरं, मंगळाच्या शांतीला गुरुजींनी किती सांगितले? अबब! काकू, तेवढ्यात मल्चिंग पेपरचे रोल येतील हो. आधी त्या पोरीला फोन लावा.