बिनकमानीच्या ट्रॉलीबाईंस खुले पत्र

प्रति,
श्रीमती ट्रॉलीबाई (थोरल्या) व श्रीमती ट्रॉलीबाई (धाकट्या),
द्वारा एकच ट्रॅक्टर,
कागल-हुपरी रस्ता, पंचतारांकित एमआयडीसी, कागल.

विषय : आमच्या घरगुती कॅम्पिंग ट्रेलरला हसल्याबद्दल.

बाईसाहेब,

तोंडी सांगणार होतो, पण ट्रॅक्टरवर जी स्पीकरची भिंत रचली आहे तिच्यापुढं आमच्या शेडमधला ग्राइंडरसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून लेखी.

आमची फॅब्रिकेशनची शेड तुमच्या वाटेवर आहे. लक्ष्मी टेकडीवरनं आत वळलं की एका अंगाला कागलचा शाहू कारखाना, दुसऱ्या अंगाला हुपरीचा जवाहर. त्यामुळं हंगामात हा रस्ता कंपन्यांच्या बसगाड्यांचा नसतो, तुमचा असतो. संध्याकाळी ऑर्डरचं काम संपलं की आम्ही दारात आमचा ट्रेलर घेऊन बसतो. तुम्ही आलात की ड्रायव्हर चहाला थांबतो, चहा घेऊन आमच्याकडं येतो, चाकाखाली वाकतो आणि दर खेपेला एकच प्रश्न विचारतो, "मालक, ह्याला आडवा कणा न्हाई?" आणि मागं तुम्ही दोघी उसाच्या ओझ्याखाली कुरकुरता. ती कुरकुर ओझ्याची नाही, हसण्याची आहे, हे कळण्याइतकं लोखंड आम्हीही हाताळलं आहे.

तर एकदाचं उत्तर घ्या. नाही बाई, कणा नाही. मुद्दाम नाही.

तुमचं घर एकत्र कुटुंबाचं. एक चाक खड्ड्यात गेलं की ती बातमी कण्यातनं दुसऱ्या चाकाला, साट्याला, वरच्या दहा-बारा टन उसाला आणि उसावर बसलेल्या माणसाच्या मणक्याला त्याच क्षणी पोचते. आमच्याकडं दोन्ही चाकांची चूल वेगळी. चाकाला धरून मागं जाणारा एक लोखंडी हात आहे, त्याला सगळे ट्रेलिंग आर्मच म्हणतात. त्याचं पुढचं टोक चॅसिसला बुशमध्ये फिरतं, मागच्या टोकाला स्टब आणि हब, वर कॉइल स्प्रिंग, शेजारी शॉकअप. डावं चाक दगडावर चढलं तर उजव्याला पत्ता लागत नाही. मधोमध कणाच नसल्यानं दगड पोटाखालनं निघून जातो. यालाच स्वतंत्र सस्पेन्शन म्हणतात, आणि तुमच्या कुळात ते कधी झालं नाही. तुमच्यातल्या कित्येकींना साधे कमानपाटेही नसतात. ज्यांना असतात त्यांचे इतके जाड की भरल्या गाडीतही ते हललेले कुणी बघितले नाहीत. टायरातली हवा, तेवढाच तुमचा गादीचा सोस.

आता तुम्ही म्हणाल, हे श्रीमंतांचे लाड. थांबा. २००९ साली बाजारात आलेल्या टाटा नॅनोला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. लाखाची गाडी म्हणून जिची जाहिरात झाली, तिला हा मान, आणि तुम्हाला नाही. आमच्या हेल्परनं तर सुचवलं होतं की भंगारातनं नॅनोचा मागचाच भाग उचलू. इंजिन मागं असल्यानं त्या बाजूला वजन पेलायची सवय आहे, आर्म आयते, कॉइल आयत्या. सूचना वाईट नव्हती. बारा इंची चाकं मसाई पठाराकडच्या दगडी वाटेत कुठवर जातील, एवढ्यावर ती अडली.

मग स्वतःच बांधायचं ठरलं. कोल्हापुरात "बाहेरनं मागवू" म्हणणाऱ्याला जरा कमीपणाच येतो. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. उद्यमनगरात तर ऑइल इंजिन खोलून मांडलं की थोड्या दिवसांत त्याचा सख्खा भाऊ जन्माला यायचा. अशा गावात दोन चाकांची गाडी बांधणं ही काय बढाई मारायची गोष्ट? पण मारतो, कारण काम सोपं नाही, आणि तुमच्या हसण्याचा खरा राग त्यासाठीच आहे.

स्प्रिंग कुठं बसवायची, हा पहिला तंटा. आर्मच्या बरोबर मध्यावर बसवली तर चाकावर येईल त्याच्या दुप्पट भार स्प्रिंगवर येतो आणि चाक जेवढं उचलेल त्याच्या निम्मीच ती दबते. म्हणजे चौपट कडक स्प्रिंग शोधा आणि ब्रॅकेटही तसं जाड करा. चाकाकडं सरकवली तर गणित सुटतं, पण वर साट्यात तिच्यासाठी कोनाडा काढावा लागतो आणि तिथंच बिछाना यायचा असतो. या एका मुद्द्यावर आमच्या टर्नरनं आणि वेल्डरनं काही दिवस एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. मध्यस्थी बिछान्यानं केली. तो आडवा टाकला.

दुसरा तंटा सरळपणाचा. तुमचा कणा एकसंध, त्यामुळं तुमची दोन्ही चाकं जन्मतःच समांतर. आमचा डावा आर्म वेगळा, उजवा वेगळा, आणि वेल्डिंग गार होताना लोखंड आपल्याकडं ओढतं. दोन मिलिमीटरची ओढ बसली, चाकाचं तोंड तेवढं आत किंवा बाहेर वळलं, की टायर फिरत जातो आणि घासतही जातो. म्हणून जिग करायचा, दोन्ही आर्म त्यात जखडायचे, आधी नुसते टॅक मारायचे आणि मग एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला असं थोडं थोडं भरत जायचं. घाई झाली की टायरवाला आनंदी होतो.

तिसरी गोष्ट स्टबची, आणि इथं मात्र हसू नका. स्टब ईएन ८ पोलादाचा. त्यात कार्बन साधारण ०.४ टक्के. त्यावर गारच वेल्ड मारला तर सांध्याशेजारी केसाएवढी भेग पडते. ती शेडमध्ये दिसत नाही; फोंडा घाटात दिसते, तेव्हा चाक आपल्या पुढं गेलेलं असतं. म्हणून आधी तापवायचं, मग वेल्ड, मग राखेत किंवा चुन्यात हळू गार होऊ द्यायचं. हे ज्ञान काही ऑस्ट्रेलियातनं मागवलेलं नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत पोरगं आयटीआय करून आलं की वर्षभरात त्याला हे कळतं. इथल्या फाउंड्र्यांत ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओततात, घासतात, खोक्यात भरून देशात-परदेशात पाठवतात. त्याच फाउंड्र्यांच्या गेटवरनं तुम्ही खडखडत जाता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो एवढा प्रशस्त क्वचितच असतो.

ऑस्ट्रेलियाचं नाव आलंच आहे तर सांगतो. असल्या ट्रेलरचं माहेर ते. तिथं किंबर्ली भागात गिब रिव्हर रोड म्हणून सुमारे ६६० किलोमीटरचा रस्ता आहे, मूळचा गुरं वाहून न्यायला काढलेला, बराचसा कच्चा. गाड्या जाऊन जाऊन मातीवर आडव्या लाटा उठतात आणि तासन् तास त्या लाटांवर थडथडत गेलं की शॉकअपमधलं तेल तापतं, आणि तापलेलं तेल काम करत नाही. या रस्त्यांनी तिथले ट्रेलर घडवले. ट्रॅक ट्रेलर नावाच्या तिथल्या कंपनीनं सैन्यासाठीही स्वतंत्र सस्पेन्शनचे ट्रेलर बनवले. आम्ही हे सगळं तुमच्या ड्रायव्हरला ऐकवलं. तो म्हणाला, "मग हितला रस्ता त्यांस्नी दाखवा की." त्याला उत्तर नव्हतं.

आता कागदाचं. कायद्यापुढं तुम्ही आणि आमचा ट्रेलर एकाच जातीचे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम २ : सेमी-ट्रेलर आणि साइड-कार सोडून, मोटार वाहनानं ओढलेलं किंवा ओढण्यासाठी बनवलेलं ते ट्रेलर. नोंदणी दोघांनाही हवी. पण नोंदणीआधी केंद्रीय नियम उभे राहतात : वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्या. कारखानदाराला हे परवडतं. तो एक नमुना पास करून घेतो आणि हजार विकतो. आमचा नमुना तोच आणि मालही तोच. एका कचेरीत हे गाऱ्हाणं घेऊन गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "शेतीसाठी आहे का?" नाही म्हटलं. "मग शेतीसाठी करा की. ऊस न्या त्यातनं." म्हणजे आमच्या शॉकअपची, स्वतंत्र आर्मची, मागच्या ब्रेकलाइटची सगळी किंमत तुमच्यात सामील होण्यापुरती. तुमच्यातल्या कित्येकींच्या पाठीवर नंबर नाही, दिवा नाही, ब्रेक फक्त पुढच्या ट्रॅक्टरला; तरी तुम्ही राजरोस हायवे ओलांडता आणि आमचा ट्रेलर कव्हर घालून शेडमध्ये.

तुमच्या बाजूनं एक मुद्दा मात्र मान्य करावा लागेल, कारण तो खरा आहे. ऊस रचला की तो साट्याच्या दुप्पट उंच जातो. अशा उंच ओझ्याखाली मऊ स्प्रिंग दिली तर वळणावर गाडी एका अंगाला झुकते, ओझं त्याच अंगाला सरकतं, आणि पुढचं रस्त्यानं जाणाऱ्याला निस्तरावं लागतं. कडक गाडी कमी झुकते. शिवाय वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात; मणका शाबूत राहिल्याचा वेगळा दर नाही. मोडलीत तर कुठल्याही गावात वेल्डर भेटतो. तुमच्या मालकानं हिशेब चुकवलेला नाही. हिशेबात माणूस धरला नाही, एवढंच.

आणि इथंच आमचा खरा वाद आहे. २०२१ साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकावरचं घर, आत झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, मुक्कामाला जागा. आम्ही ते वाचून हुरळलो. आमच्या ट्रेलरच्या मागच्या झाकणातनं गॅसची शेगडी बाहेर सरकते, पन्नास लिटरच्या टाकीत पाणी हिंदकळू नये म्हणून आत आडवे पत्रे आहेत, बाजूनं तंबू उघडतो. बघायला येणारे फोटो काढतात. खरं सांगायचं तर आमची धाव रस्सा मंडळापुरती : कुणाच्या तरी मळ्यात जायचं, चुलीवर मटण टाकायचं आणि रात्री घरी. कोल्हापूरकराला बाहेर जेवायला आवडतं, बाहेर झोपायला नाही. एवढ्यासाठी स्वतंत्र सस्पेन्शन लागतं का, हे आम्हाला घरी रोज विचारलं जातं.

पण दसरा-दिवाळीच्या सुमारास तुम्ही जेव्हा पहिल्यांदा या रस्त्यावर येता, तेव्हा तुमच्यात ऊस नसतो. बीडकडनं, जतकडनं टोळी येते. तुमच्या साट्यात पत्र्याच्या पेट्या, वाकळा, कोपीचे बांबू, ताडपत्री, निळं पिंप, दोन शेळ्या, पिशवीत कोंबडी, आणि या सगळ्यावर बायका-पोरं. शेकडो किलोमीटर, बिनकमानीच्या गाडीतनं. मग फडाच्या कडेला कोपी उभी राहते, पहाटे अंधारात चूल पेटते, आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम तिथंच. चाकावरचं घर, आत झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय. सरकारी धोरणात जे जे लिहिलंय ते सगळं तुमच्यात आहे, फक्त संडास सोडून. आमच्याकडं हे करायला लोक पैसे मोजतात; तुमच्याकडं त्याची उचल आधीच मिळालेली असते आणि ती फेडायला कोयता धरावा लागतो.

तेव्हा हसायचं असेल तर जरूर हसा. खऱ्या कॅम्पिंग ट्रेलर तुम्हीच. आमचा नुसता नमुना, तोही नापास.

हसून झालं की एवढं करा. पुढच्या खेपेला चहाला थांबाल तेव्हा धाकटीची पाठ आमच्या दाराकडं करा. शेडमध्ये लाल रेडियमची पट्टी पडून आहे, ती फाळक्यावर मारून देतो. जोडणीची पिनही बघतो, मागच्या वेळी ती झिजलेली दिसली होती. पैसे नकोत. आणि ड्रायव्हरला सांगा, रात्री उसावर पोरांना झोपवून आणू नकोस. चालत्या ट्रेलरात माणूस बसवायचा नाही, हा नियम आमच्या रिकाम्या ट्रेलरलासुद्धा आहे.

आपला,
दारातला ट्रेलरवाला

ता. क. : मालकाचं मन वळलं आणि पुढच्या हंगामाआधी खरे पाटे बसवायचे असतील, तर पट्टा पडल्या पडल्या या. ऑक्टोबरात सगळेच येतात, आणि तेव्हा आमच्याकडं जागा नसते.